कशाच्या तुलनेत सुरक्षित?

वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत आणि रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत हृदयशस्त्रक्रियेविषयी एक वाक्य वारंवार वाचायला मिळते. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र असा असतो : 'ही शस्त्रक्रिया हृदय न थांबवता, यंत्राची मदत न घेता केली जाते, म्हणून ती अधिक सुरक्षित आहे.' या वाक्याचा पूर्वार्ध खरा असतो. आमचा आक्षेप 'म्हणून' या शब्दाला आहे. यंत्र टाळले की धोका टळला, असे हा शब्द सुचवतो. ते खरे आहे की नाही, हे केवळ विचार करून ठरवता येत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते. तशा तुलना गेल्या पंचवीस वर्षांत झालेल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्षही उपलब्ध आहेत. तरीही हे वाक्य छापले जातच आहे.

घरातल्या कोणाला शस्त्रक्रिया सांगितली की लोक माहितीपत्रके वाचतात, शेजारच्या विज्ञानशिक्षकालाही विचारतात. म्हणून या 'म्हणून'ची तपासणी आपण येथे करू.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण बोलताना ज्याला 'बायपास' म्हणतो, ती हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांवरची शस्त्रक्रिया असते. रोहिणी जेथे चोंदली असेल, त्याच्या पुढच्या भागात रक्त पोचावे म्हणून पायातील नीला किंवा छातीच्या आतील बाजूची रोहिणी वापरून वळणरस्ता काढतात. हृदय-फुप्फुस बायपास ही गोष्ट वेगळी आहे. त्यात शरीराचे रक्त हृदय आणि फुप्फुसे या दोहोंना वळसा घालून यंत्रातून नेले जाते. पहिल्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत दुसऱ्या प्रकारचा बायपास वापरता येतो, किंवा टाळताही येतो. हृदयाच्या आतले छिद्र बुजवायचे असेल किंवा छाती उघडून झडप बदलायची असेल, तर हृदय उघडावे लागते आणि यंत्राला बहुधा पर्याय नसतो. 'यंत्राविना' हा प्रश्न मुख्यतः रोहिण्यांच्या शस्त्रक्रियेपुरताच आहे, हे पुष्कळ लेखांत सांगितलेलेही नसते.

यंत्र काय करते?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या स्थितीत हृदय दर मिनिटाला साधारण तेवढेच रक्त पुढे ढकलते. हा प्रवाह थांबला, तर सामान्य तापमानाला चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात हृदय उघडून, दुरुस्त करून, पुन्हा शिवणे शक्य नाही. म्हणून ते काम काही काळ दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते.

यंत्राची रचना सांगायला सोपी आहे. उजव्या कर्णिकेत नळी घालून ऑक्सिजन कमी असलेले रक्त एका टाकीत घेतात. पंप ते रक्त ऑक्सिजन देणाऱ्या भागातून पुढे ढकलतो. या भागात केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंचे जुडगे असते. तंतूंच्या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेथेच रक्त हवे तसे थंड किंवा गरम करता येते. नंतर गाळणीतून जाऊन ते महारोहिणीत परत येते. हृदयाला पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन स्वस्थ करतात. रक्त नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन देतात, काम संपल्यावर प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम घालवतात. यंत्राजवळ त्यासाठीच शिकलेला तंत्रज्ञ पूर्ण वेळ बसलेला असतो. टाकीतील पातळी खाली गेली किंवा नळीत बुडबुडा आला तर इशारा देणारी उपकरणे असतात, वीज गेली तर बॅटरी असते, आणि तीही बंद पडली तर पंप हाताने फिरवायला दांडा असतो.

ही सुरक्षितता एका दिवसात आलेली नाही. जॉन गिबन यांनी १९३० च्या दशकात या यंत्रावर काम सुरू केले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र यंत्राच्या साहाय्याने बुजवले. २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे सर्व काम यंत्राने केले आणि ती बरी झाली. पाठ्यपुस्तकांतली गोष्ट येथेच थांबते. पण त्याआधीचा एक आणि त्यानंतरचे दोन रुग्ण दगावले आणि गिबन यांनी अशा शस्त्रक्रिया थांबवल्या.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राच्या जागी माणूस वापरला. बाळाच्या रक्ताभिसरणाला बहुधा त्याच्या आईचे किंवा वडिलांचे रक्ताभिसरण जोडून त्यांनी ४५ शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी २८ मुले बरी होऊन घरी गेली. रक्त देणारी एकही व्यक्ती दगावली नाही, मात्र एकीला गंभीर इजा झाली. एकाच शस्त्रक्रियेत दोन जीव जाण्याची शक्यता असलेली ही पद्धत, म्हणून तिच्यावर टीकाही झाली. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबन यांचे यंत्र सुधारून पहिल्या आठ मुलांवर वापरले, त्यांतील चार वाचली.

आठांपैकी चार हा आकडा आज वाचताना अंगावर काटा येतो. पण शस्त्रक्रिया न केल्यास त्या मुलांचे काय होणार होते, हा आकडाही त्याच्या शेजारी मांडायला हवा. त्यांतल्या पुष्कळांपुढे फार आयुष्य नव्हते. 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

यंत्रावरचा आरोप

यंत्राचे धोके काल्पनिक नाहीत. रक्त प्लास्टिकला घासून वाहू लागले की शरीर त्याला आक्रमण समजते आणि सर्वांगात दाह निर्माण होतो. हेपॅरिनमुळे रक्तस्राव वाढू शकतो. महारोहिणीला चिमटा लावताना तिच्या भिंतीवर साठलेला चरबीचा किंवा चुन्याचा कण सुटून मेंदूत गेला, तर पक्षाघात होतो. मूत्रपिंडांचे काम मंदावू शकते. आज चांगल्या केंद्रांत, आधी ठरवून केलेल्या रोहिण्यांच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण साधारणपणे शंभरात एक ते दोन असते आणि पक्षाघाताचेही जवळपास तेवढेच. वय जास्त असेल, मूत्रपिंडे दुबळी असतील किंवा शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली, तर ही प्रमाणे वाढतात.

पण यंत्राची सर्वांत जास्त बदनामी झाली ती बुद्धीच्या बाबतीत. शस्त्रक्रियेनंतर स्मरणशक्ती कमी झाली, हिशेब चुकू लागले, चिडचिड वाढली, अशा तक्रारी रुग्णांचे नातेवाईक करीत. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या तक्रारींना आकडे दिले. २६१ रुग्णांच्या बौद्धिक चाचण्या त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर घेतल्या. रुग्णालयातून घरी जाताना ५३ टक्के रुग्णांत घट आढळली. सहा आठवड्यांनी हे प्रमाण ३६ टक्के होते, सहा महिन्यांनी २४ टक्के, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. जगभर बातम्या झाल्या. दोष यंत्राच्या माथी बसला. यंत्र न वापरता धडधडत्या हृदयावर टाके घालण्याची पद्धत त्या वेळी पसरू लागली होती, तिला मोठेच बळ मिळाले.

हा अभ्यास कष्टाने केलेला होता आणि रुग्णांच्या तक्रारींकडे त्याने गांभीर्याने पाहिले, हे आधी मान्य करू. पण त्यातून 'यंत्राने बुद्धी जाते' असा निष्कर्ष काढण्यात दोन अडचणी आहेत. त्या दोन्ही वर्गात समजावून सांगता येतील अशा आहेत.

पहिली अडचण : या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. साठीच्या आसपासची, रोहिण्या चोंदलेली माणसे पाच वर्षांनी पुन्हा तपासली, तर शस्त्रक्रिया न होताही त्यांतल्या काहींची स्मरणशक्ती मंदावलेली आढळेल. जो आजार हृदयाच्या रोहिण्या अरुंद करतो, तो मेंदूच्या रोहिण्या सोडून देत नाही. ४२ टक्क्यांतला यंत्राचा वाटा किती आणि वयाचा व आजाराचा किती, हे या आकड्यावरून कळूच शकत नाही.

दुसरी अडचण : घट झाली असे केव्हा म्हणायचे? चाचण्या बुद्धीच्या चार अंगांच्या होत्या आणि त्यांपैकी कोणत्याही एका अंगात ठरावीक प्रमाणाहून जास्त घसरण झाली, तर त्या रुग्णात घट झाली असे धरले होते. आता वर्गातले उदाहरण घेऊ. सहामाही आणि वार्षिक परीक्षेत एखाद्या विषयाचे गुण निव्वळ योगायोगाने दहाने घसरण्याची शक्यता दहात एक आहे, असे समजू. चार विषयांपैकी एकातही न घसरण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.६६. याचा अर्थ असा की शंभरातील जवळजवळ ३४ मुले कोणत्या ना कोणत्या विषयात 'घसरलेली' दिसतील. त्यांच्या अभ्यासात काहीही बदल झालेला नसेल. (चारही विषयांतली घसरण एकमेकांवर अवलंबून नाही असे येथे धरले आहे.) ड्यूकच्या अभ्यासातली घसरण अशा योगायोगाची होती असे आम्ही म्हणत नाही. तुलनेचा गट नसेल तर योगायोग वेगळा काढता येत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना

हा वाद मिटवण्याचा एकच चांगला मार्ग होता. सारख्याच रुग्णांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काहींची शस्त्रक्रिया यंत्रावर आणि काहींची यंत्राविना करायची आणि दोन्ही गटांना सारख्याच चाचण्या द्यायच्या. नेदरलँड्समध्ये २८१ रुग्णांवर असा प्रयोग झाला. तीन महिन्यांनी यंत्राच्या गटात २९ टक्के आणि यंत्राविना गटात २१ टक्के रुग्णांत घट दिसली. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगत होते. वर्षानंतर हे आकडे ३४ आणि ३१ होते. पाच वर्षांनी, २००७ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत घट झालेल्यांचे प्रमाण ५०.४ टक्के होते. म्हणजे घट खरोखरच होती, ड्यूकपेक्षाही जास्त. पण ज्यांच्या शरीरातले रक्त यंत्रातून एकदाही गेले नव्हते, त्यांच्यातही ती तेवढीच होती. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली, तेव्हाही दीर्घकाळात फारसा फरक आढळला नाही.

मग जिवाच्या धोक्याचे काय? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १८ रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा रोहिण्यांवर पुन्हा उपचार यांपैकी काहीतरी घडलेल्यांचे प्रमाण यंत्राविना गटात ९.९ टक्के आणि यंत्राच्या गटात ७.४ टक्के होते. नव्याने जोडलेल्या वाहिन्यांपैकी वर्षानंतर उघड्या राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८२.६ आणि ८७.८ टक्के. पाच वर्षांत यंत्राविना गटातले १५.२ टक्के, तर यंत्राच्या गटातले ११.९ टक्के रुग्ण दगावले. धडधडत्या हृदयावर बारीक टाका घालणे अवघड असते, हे येथे आठवावे.

या चाचणीवरही टीका झाली आणि ती रास्त होती. यंत्राविना शस्त्रक्रिया करणाऱ्या काही शल्यविशारदांचा त्या पद्धतीतला अनुभव कमी होता. दुसऱ्या एका चाचणीत ही उणीव भरून काढली. १९ देशांतील ७९ रुग्णालये तीत सामील झाली, त्यांत भारतही होता. एकूण रुग्ण ४,७५२. त्या-त्या पद्धतीच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रिया केलेल्या शल्यविशारदांनाच ती पद्धत वापरू दिली. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा डायलिसिसची गरज यांपैकी काहीतरी पहिल्या ३० दिवसांत घडलेल्यांचे प्रमाण यंत्राविना ९.८ टक्के आणि यंत्रावर १०.३ टक्के निघाले. पाच वर्षांनी, रोहिण्यांवर पुन्हा करावे लागलेले उपचारही त्यात धरून, ते २३.१ आणि २३.६ होते. यंत्राविना गटात रक्त कमी चढवावे लागले आणि मूत्रपिंडांना त्रास कमी झाला, पण रोहिण्यांवर लवकरच पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण त्या गटात थोडे अधिक होते.

तात्पर्य असे निघते : सराईत हातांत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच सुरक्षित आहेत, आणि हात सराईत नसतील तर यंत्र टाळणे महागात पडू शकते. काही रुग्णांच्या महारोहिणीच्या भिंतीत चुना इतका साठलेला असतो की तिला चिमटा लावणे धोक्याचे ठरते. त्यांना यंत्राविना पद्धतीचा खरा उपयोग होतो. आपल्या देशात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि पुष्कळ शल्यविशारद तीत निष्णात आहेत. त्यांच्या कौशल्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. आमची तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. शल्यविशारदाच्या कौशल्याचे श्रेय ते यंत्राच्या गैरहजेरीला देते आणि वाचणाऱ्याच्या मनात यंत्राची अनाठायी भीती भरते. झडप बदलायची असलेल्या रुग्णाने ही भीती मनात धरून शस्त्रक्रिया लांबवली, तर त्याचे नुकसान कोण भरून देणार?

यशाचे टक्के

'यश ९९ टक्के' हे दुसरे आवडते वाक्य. त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. कोणत्या रुग्णांत ९९ टक्के? बेताचेच आजारी असलेले रुग्ण निवडले तर आकडा सुधारतो, अत्यवस्थ रुग्णांना नकार दिला की आणखी सुधारतो. मोजले कधीपर्यंत? आणि मोजले कोणी?

हा प्रश्न वेळीच न विचारल्यास काय होते, हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे दिसले. तेथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत जास्त मृत्यू होत आहेत, असे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञांच्या लक्षात आले आणि ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. अखेर इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. २००१ च्या अहवालात म्हटले की १९९१ ते १९९५ या काळात, तशाच सर्वसाधारण केंद्रात जेवढे मृत्यू अपेक्षित होते त्यांहून एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके तेथे जास्त दगावली. यंत्रे बहुतेक तीच होती, शस्त्रक्रियाही त्याच. इतर केंद्रांचे आकडे शेजारी ठेवल्यावरच दोष दिसला. न्यू यॉर्क राज्याने १९८९ पासून रुग्णांची गंभीरता लक्षात घेऊन प्रत्येक रुग्णालयातील बायपासनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण मोजायला सुरुवात केली आणि पुढे ते लोकांसमोर मांडले. आपल्याकडे असे आकडे सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करण्याची प्रथा रुजलेली नाही. जाहिरातीतल्या ९९ टक्क्यांना आव्हान मिळत नाही, ते यामुळेच.

सर्वांत महत्त्वाची तुलना तर जाहिरात कधीच करत नाही : शस्त्रक्रिया करणे आणि न करणे यांची. १९७२ ते १९८४ या काळात सात चाचण्यांत मिळून २,६४९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे औषधे किंवा बायपास दिले गेले. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत ३.२ टक्के रुग्ण दगावले. एवढाच आकडा पाहणारा माणूस शस्त्रक्रियेपासून पळच काढील. पण पाच वर्षांनी औषधांच्या गटातले १५.८ टक्के, तर बायपासच्या गटातले १०.२ टक्के रुग्ण दगावलेले होते. आज औषधेही सुधारली आहेत आणि शस्त्रक्रियाही, म्हणून हे आकडे आजच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू करू नयेत. विचाराची रीत मात्र तीच राहते. शस्त्रक्रियेचा धोका एकाच दिवशी समोर उभा राहतो, आजाराचा धोका वर्षांवर पसरलेला असल्याने तो दिसत नाही.

नववी-दहावीच्या वर्गात हृदयाचा पाठ शिकवताना अशी एखादी जाहिरात फळ्यावर लिहावी, रुग्णालयाचे नाव वगळून. 'हे वाक्य खरे आहे की नाही, ते ठरवायला आणखी कोणती माहिती हवी?' एवढेच मुलांना विचारावे. तुलनेचा गट हा शब्द न सांगताही काही मुले तेथवर पोचतील.

आणि कोणी पालक येऊन विचारतील, 'सर, यंत्रावर करावी की यंत्राविना?' तेव्हा निर्णय आपण द्यायचा नाही, तो आपला अधिकार नाही. शल्यविशारदाला विचारायचे तीन प्रश्न मात्र आपण त्यांना लिहून देऊ शकतो : तुम्ही यांतली कोणती पद्धत जास्त वेळा करता? आमच्या रुग्णासारख्या रुग्णांत तुमचा अनुभव काय आहे? आणि शस्त्रक्रिया आत्ता केली नाही, तर काय होईल?